वळताना मागून कडकड येते, पण क्राउन-पिनियन गेलेलं नसतं: एलएसडी असलेल्या गाडीला कोणतं गिअर ऑइल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० ची फोर-बाय-फोर एंडेव्हर, लाखभर किलोमीटर झालेली. मालकांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये मागच्या डिफरेन्शियलचं ऑइल बदलून घेतलं, 'नव्वद नंबर, चांगल्या कंपनीचं'. दोन-तीन दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी वळवून काढताना मागून कडकड, थरथर सुरू झाली. सरळ रस्त्यावर काहीच नाही, हायवेला शंभरने गेली तरी चूप. मिस्त्री म्हणतो क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी, गेलं; गोळा, म्हणजे अख्खं डिफरेन्शियल, उतरवावा लागेल. खर्च करावा का, आणि ऑइल नेमकं कोणतं हवं होतं?

खर्च थांबवा. गोळा उतरवू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी, म्हणजे ऑइल बदलल्यावर सुरू होणं, फक्त हळू आणि पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना येणं आणि सरळ जाताना अजिबात न येणं, या एकत्र आल्या की माझ्या मनात पहिला संशय ऑइलवरच जातो. या गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल आहे, आपण एलएसडी म्हणू. त्यात साधं नव्वद नंबर पडलंय.

मी हे इतक्या खात्रीने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी, गॅरेज नवीन असताना, एक जपानी एसयूव्ही सर्व्हिसला आली. डिफरेन्शियल म्हणजे डिफरेन्शियल, त्यात काय बघायचं, असा तेव्हा थाट होता. बॅरलमधून नव्वद नंबर काढलं, पंपाने भरलं, प्लग आवळला, बिल फाडलं. चौथ्या दिवशी मालक परत. गाडी फाटकातून आत वळवतानाच आवाज ऐकू आला. लोखंडी पिंपात कोणी खडे हलवावेत तसा. मी एक्सलचे बेअरिंग बघितले, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) हलवून बघितला, ब्रेक ड्रम उघडले. अर्धा दिवस गेला. शेवटी खाली झोपून फिलर प्लगजवळचा, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाच्या बुचाजवळचा, चिखल पुसला तर तिथे पत्र्याची छोटी पट्टी होती: फक्त एलएसडी ऑइल वापरा. पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच होती, मी चिखल पुसला नव्हता इतकंच.

आता हे होतं का, ते समजून घेतलंत तर पुढे दुकानदार काहीही म्हणाला तरी तुमची फसगत होणार नाही.

साध्या डिफरेन्शियलचं काम वळताना बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी फिरू देणं. त्याचा तोटा चिखलात कळतो: एक चाक भिरभिरतं, दुसरं जागेवर थंड. एलएसडीमध्ये यावर उपाय म्हणून क्लचप्लेटांची चळत बसवतात. एक प्लेट एक्सलच्या गिअरला दात्यांनी अडकलेली, पुढची प्लेट डिफरेन्शियलच्या केसला, पुन्हा एक्सलची, पुन्हा केसची, आणि वर स्प्रिंगचा दाब. दोन चाकांच्या वेगात फरक पडायला लागला की या प्लेटा एकमेकींवर घासतात, तो फरक दाबून धरतात आणि जमिनीत पकड असलेल्या चाकाला जोर मिळतो. पण हीच चळत तुम्ही पार्किंगमधून वळता तेव्हाही आतच असते. चाकांचा वेग वेगळा आहे, म्हणजे प्लेटांना घसरावंच लागणार. हळू, आणि दाबाखाली.

घरातलं लोखंडी कपाट फरशीवरून ढकलून बघा. आधी हलत नाही, मग एकदम हिसका देऊन चार बोटं सरकतं, पुन्हा अडतं, पुन्हा हिसका. जागचं हलवायला लागणारा जोर हा सरकत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो, म्हणून ही अडखळ. तेच कपाट साबणाच्या पाण्यावर ठेवा, एका लयीत सरकेल. साधं जीएल-५ (हा गिअर ऑइलच्या दर्जाचा नंबर) ऑइल असलेल्या प्लेटा कोरड्या फरशीवरच्या कपाटासारख्या वागतात: चिकटल्या, सुटल्या, चिकटल्या, सुटल्या. सेकंदाला कित्येकदा. केसमधून आणि एक्सलमधून तो हिसका बॉडीत येतो आणि तुम्हाला वाटतं दात तुटले. एलएसडीच्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घातलेला असतो. तो हा सुरुवातीचा चिकटपणा कमी करतो आणि प्लेटा अडखळत न घसरता सलग घसरायला लागतात.

इथे एक गंमत आहे. मॉडिफायर जास्त झाला तर प्लेटा इतक्या गुळगुळीत सरकतात की पकडच उरत नाही. आवाज छान बंद होतो, गाडी लोण्यासारखी वळते, आणि चिखलात अडकलात की एक चाक जागेवर भिरभिरतं. म्हणजे एलएसडीचे पैसे देऊन साधं डिफरेन्शियल. त्यामुळे 'थोडं जास्तच टाकून ठेवा' हे इथे चालत नाही.

बाटली निवडताना लोक पहिला प्रश्न विचारतात नव्वद की एकशे चाळीस. माझ्या हिशेबाने तो शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: तुमच्या गोळ्यात कोणत्या जातीचं डिफरेन्शियल आहे? कारण एलएसडी हे नाव सरसकट सगळ्यांना लावतात आणि मग मॉडिफायरही सरसकट सगळ्यांत ओततात.

तुमच्यासारखी क्लचप्लेटांची जात असेल तर मॉडिफायर हवाच. गिअरवर चालणारी टॉर्सन जात असेल तर त्यात घसरवायला प्लेटांची अशी चळत नसते. तिची पकड दातांच्या आणि केसच्या घर्षणातूनच येते, त्यामुळे तिथे साधं जीएल-५ पुरतं आणि मॉडिफायरने उलट पकड थोडी कमीच होते. व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनचं द्रव आत कायमचं सीलबंद असतं, बाहेरच्या गिअर ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही. बटणाने लागणारं इलेक्ट्रिक लॉक असेल तर तेही साध्या ऑइलवर चालतं.

महिंद्रावाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. थार, बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये आणि स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोरमध्ये जे एमएलडी येतं, ते ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं आपोआप एकत्र जखडणारं. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि ते खट्‌कन लॉक होतं. तोवर ते जवळजवळ साध्या डिफरेन्शियलसारखं वागतं. त्यातही प्लेटा आहेत, पण म्हणून बाहेरून मॉडिफायरची बाटली ओतायची नाही. याच जातीचं लॉकर जनरल मोटर्स अमेरिकेत आपल्या पिकअपला वर्षानुवर्षं लावते आणि त्यात वेगळं ॲडिटिव्ह घालू नका असंच सांगते. थारवाल्यांनी मॅन्युअलमधला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन बघावं, तेवढंच घालावं. चिखलात लॉक होताना 'खट्' आवाज आला म्हणून घाबरून ऑइल बदलायला आलेले लोक मी पाहिलेत. तो आवाज त्याच्या कामाचा आहे.

आपल्या गाडीत काय आहे हे कसं ओळखायचं? मॅन्युअल आणि फिलर प्लगजवळची पट्टी हे आधी. दोन्ही नसेल तर मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ओंडके लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर क्लचप्लेटांची एलएसडी आहे आणि तिच्यात अजून जीव आहे. उलट दिशेने फिरलं तर साधं, किंवा ईटनचं लॉकर, किंवा टॉर्सन, किंवा प्लेटा पार झिजलेली एलएसडी. म्हणजे होकार आला तर पक्का, नकार आला तर अर्धवट. आणि एक गोष्ट कधीही करू नका: एलएसडीच्या गाडीचं एकच मागचं चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. साध्या गाडीत उचललेलं चाक हवेत फिरतं. एलएसडीत जमिनीवरचं चाकही ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. याला अपवाद नाही.

दुसरा प्रश्न जीएल नंबरचा. मागच्या एक्सलमध्ये क्राउन-पिनियन हायपॉइड असतं, पिनियनचा मध्य क्राउनच्या मध्याच्या खाली ठेवलेला. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो, पण दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, लांबीने घासतातही. त्या घासण्यात ऑइलचा थर फाटतो, म्हणून गंधक आणि फॉस्फरसची ॲडिटिव्ह लागतात. बाटली उघडल्यावर जो सडक्या अंड्यासारखा वास नाकात जातो तो त्या गंधकाचा. जीएल-५ मध्ये हे प्रमाण जीएल-४ च्या जवळपास दुप्पट धरतात. म्हणून मागच्या डिफरेन्शियलला जीएल-५, यात चर्चा नाही. जीएल-४ मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी. उरलेलं एलएसडी ऑइल वाया जाऊ नये म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतणारे महाभागही असतात. तिथे सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगला घर्षणच हवं असतं, मग गिअर पडताना कुरकुर सुरू.

आणि हे नीट ऐका: जीएल-५ लिहिलंय म्हणून ते एलएसडीला चालेल असं होत नाही. जीएल-५ ची परीक्षा दातांसाठी आहे, प्लेटांसाठी नाही. म्हणून बाटलीवर वेगळं 'एलएस' किंवा 'लिमिटेड स्लिप' लिहिलेलं हवं. मोट्यूलचं गिअर ३०० एलएस, लिक्वी मोलीचं एलएस, कॅस्ट्रॉलचं लिमिटेड स्लिप अशी नावं दिसतील. त्याच कंपनीची एलएस नसलेली बाटली शेजारी त्याच रंगात उभी असते आणि काउंटरवरचा पोरगा 'सेमच आहे साहेब' म्हणतो. सेम नसतं. काही ऑइल 'साध्या आणि एलएसडी दोन्हीला चालणारी' असतात, ती चालतात, पण त्यात मॉडिफायर किती हे बाटलीवरून कळत नाही. जुन्या, प्लेटा कडक झालेल्या गाडीत त्यांच्यावर थोडी कडकड उरलेली मी पाहिली आहे.

मॉडिफायरची सुटी बाटलीही मिळते. फोर्डची एक्सएल-३ नावाची आहे, चार औंसाची, म्हणजे साधारण ११८ मिली. अमेरिकेतल्या फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉक (फोर्डची क्लचप्लेटांची एलएसडी) एक्सलला एवढी एक बाटली घालण्याची पद्धत आहे. दोन-अडीच लिटर ऑइलला हे प्रमाण साडेचार ते सहा टक्क्यांच्या मध्ये बसतं. एलएस लिहिलेल्या ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच असतो. त्यात पुन्हा पूर्ण बाटली ओतली की मघाशी म्हटलं तसं लोणी होतं. कडकड राहिलीच तर ३० मिली घाला, शंभर किलोमीटर चालवा, मग ठरवा.

आता नंबर. पहिला आकडा, डब्ल्यू लागलेला, थंडीचा. ८५डब्ल्यूची परीक्षा उणे १२ अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवाचं हिमकण झालं म्हणून पेपरात फोटो येतो तेवढीच आपली थंडी. त्यामुळे महाराष्ट्रात राहणाऱ्या गाडीला ८५डब्ल्यू पुरतं. हिवाळ्यात लडाख-स्पीतीचा बेत असेल किंवा गाडी कॅनडात असेल तर ७५डब्ल्यू घ्या. दुसरा आकडा गरम झाल्यावरच्या दाटपणाचा. शंभर अंशांना नव्वदचं ऑइल किमान १३.५ सेंटीस्टोक, एकशे चाळीसचं किमान २४. मॅन्युअलने नव्वद सांगितलं असेल आणि तुम्ही घाटात ट्रेलर ओढत नसाल तर नव्वदच. मे महिन्यात विदर्भात सतत लोड ओढणाऱ्या गाडीला एकशे चाळीसचा विचार करता येतो, तोही मॅन्युअलने वाव ठेवला असेल तर. आवाज दाबायला म्हणून एकशे चाळीस भरण्याची जी पद्धत आहे, ती गाडी विकणाऱ्यांची. जुन्या काळी गोळ्यात लाकडाचा भुसा भरून गाडी विकत, त्याच शाळेतली.

सिंथेटिक की मिनरल यावर मी फार वेळ घालवत नाही. सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं, महाग पडतं. एलएस लिहिलेलं मिनरल हे एलएस नसलेल्या भारी सिंथेटिकपेक्षा तुमच्या गाडीला शंभर पटीने बरं.

तुमच्या गाडीत आता काय करायचं ते सांगतो. मिस्त्रीने नेमकी कोणती बाटली भरली ते विचारा. बाटली दाखवली, जीएल-५ आहे आणि नंबर मॅन्युअलप्रमाणे आहे, तर सगळं ऑइल फेकायची गरज नाही. फिलर प्लग उघडा, मोठ्या सिरिंजला नळी लावून सव्वाशे मिलीच्या आसपास ऑइल ओढून काढा आणि तेवढाच मॉडिफायर आत सोडा. बॅरलमधलं होतं, आठवत नाही, असं उत्तर आलं तर सगळं काढा.

काढायचं तर गाडी आधी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, गार ऑइल मधासारखं लोंबतं आणि घाण तळाशीच राहते. गाडी सपाट उभी हवी. आणि ड्रेन प्लगच्या आधी फिलर प्लग उघडा, दरवेळी. खालचा उघडला, ऑइल सगळं गेलं आणि वरचा गंजून बसलाय, सरकतच नाही, अशी गाडी टो करून आणलेली मला माहीत आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, बोटाने चोळली तर काजळासारखी पसरणारी लापशी असेल तर ती नेहमीची झीज. एलएसडीचं जुनं ऑइल साध्यापेक्षा काळपट निघतं, प्लेटांच्या भुकटीमुळे, तेही ठीक. नखाने उचलता येतील अशा चकत्या किंवा टोकदार तुकडे असतील तर मात्र तुमचा मिस्त्री बरोबर ठरू शकतो. ऑइल चहात दूध पडल्यासारखं असेल तर पाणी शिरलंय: ब्रीदर, म्हणजे गोळ्यात हवा येण्या-जाण्याची नळी, बघा; तिच्यात माती भरलेली असणार. ओढ्यातून गाडी काढली की गरम गोळा एकदम गार होतो, आत हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. पावसाळ्यात पाण्यातून गाड्या काढणाऱ्यांनी किलोमीटर मोजू नयेत, सीझन संपला की उघडून बघावं.

भरताना मॉडिफायर आधी, ऑइल नंतर. उलट केलं तर फिलरच्या काठापर्यंत ऑइल आलेलं असतं आणि मॉडिफायर जाईल तेवढा बाहेर सांडतो. ही साधी गोष्ट, पण अर्धी बाटली जमिनीवर आणि आवाज तसाच, हे याच कारणाने होतं. काठावरून ऑइल सांडायला लागलं की थांबा, प्लग लावा.

मग गाडी मोकळ्या मैदानात न्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू फिरवा, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून, आठ-दहा वेळा. प्लेटांच्या मधलं जुनं ऑइल बाहेर यायला आणि नवीन आत जायला हे घसरणं लागतं. हे न करता 'नवीन ऑइलनेही आवाज जात नाही' म्हणणारे पुष्कळ. पहिल्या आठांत आवाज येईल, पुढे बोथट होत जाईल. पूर्ण जायला शंभरेक किलोमीटर लागू शकतात.

टायर बघा. एका बाजूला नवीन आणि दुसऱ्या बाजूला गोटा झालेला टायर असेल तर दोन चाकांचा घेर वेगळा, म्हणजे सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहणार. ऑइल कितीही चांगलं घाला, ते जळणार. पंक्चर काढायला गेलात आणि एकच टायर बदलून आलात, असं अलीकडे झालंय का, ते आठवून बघा. एलएसडीच्या गाडीला मागचे दोन्ही टायर जोडीनेच.

क्राउन-पिनियन खरंच गेलं तर त्याचं लक्षण वेगळं. ते सरळ रस्त्यावर हूं करून ओरडतं आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलतो. बेअरिंगची गुरगुर वेगाबरोबर वाढते, ॲक्सिलरेटरचं तिला फारसं काही नसतं. गिअर टाकताना एकच 'टक' आला तर आधी क्रॉस हलवून बघावा. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही.

दोनशे किलोमीटरनंतरही वळताना कडकड तशीच राहिली तर प्लेटा तेलकट काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील. तेव्हा गोळा उघडावा लागेल, पण प्लेटांच्या संचासाठी, आणि अंदाजपत्रक त्याचंच मागा. नवीन प्लेटा बसवण्याआधी निदान अर्धा तास मॉडिफायरमध्ये बुडवून ठेवायला सांगा, आणि ते होताना स्वतः समोर उभे राहा.